घाशीव काचेवरचे डाग

प्रश्न : माझ्या जुन्या ४×५ (इंच फिल्मच्या) कॅमेऱ्याच्या फोकसिंगच्या काचेवर, म्हणजे चित्र पाहून फोकस करायच्या, एका बाजूने घासून खरखरीत केलेल्या मागच्या काचेवर, बोटांचे तेलकट डाग आहेत. कोरड्या कापडाने जात नाहीत. काय करावे?

उत्तर : कोरडे पुसू नका. तेल खरखरीत बाजूच्या बारीक खड्ड्यांत बसते, म्हणून तिथे काच पारदर्शक दिसते. कापडाने ते फक्त पसरते, वर धागे अडकतात.

काच काढण्यापूर्वी मागच्या चौकटीचा फोटो काढा. कोपऱ्यांत कागदी पट्ट्या असल्या तर त्या तिथेच परत बसल्या पाहिजेत. फोकस त्यांच्यावर अवलंबून असतो. फ्रेनेल भिंग (चित्र उजळ दिसावे म्हणून काचेला लावलेला गोल खाचांचा चपटा पत्रा) असेल तर वेगळे ठेवा. ते प्लास्टिकचे असते. त्याला स्पिरिट किंवा अ‍ॅसिटोन लावू नका, ब्लोअरची हवा पुरे.

काच कोमट पाण्यात, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून, मऊ टूथब्रशने हलकेच घासा. पेन्सिलने आखलेल्या रेघा पुसट होतील, त्या नंतर पुन्हा आखता येतात. शेवटी डिस्टिल्ड वॉटरने धुऊन काच उभी वाळवा. नळाच्या जड पाण्याने पांढरे ठिपके पडतात.

बसवताना खरखरीत बाजू लेन्सकडे हवी. ओळखायची खूण : पेन्सिल त्याच बाजूवर उमटते. उलटी बसली तर प्रत्येक निगेटिव्हचा फोकस चुकेल. क्लिपचे स्क्रू बेताने आवळा. जास्त पिळल्यास कोपरा तडकतो.