जूनमध्ये हळूच पळ

प्रिय मैत्रिणी,

गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ साठी, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं सलग करायच्या शर्यतीसाठी नाव नोंदवलंस, हे वाचून फार आनंद झाला. तू पाठवलेल्या सरावाच्या नोंदीही नीट पाहिल्या. त्यात एक गोष्ट खटकली आणि हे पत्र बरंचसं तिच्यावरच खर्च होणार आहे. मंगळवारचं पळणं असो, गुरुवारची सायकल असो की रविवारची ग्रुप राइड, तुझे हृदयाचे ठोके सगळीकडे मिनिटाला १६५च्या आसपास आहेत. एकही दिवस सोपा गेलेला नाही, आणि खरं कठीण काही करायला पायांत ताकदही उरलेली नाही.

शर्यतीला अजून चार महिन्यांहून जास्त वेळ आहे. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळणं, यात तुझे सात-आठ तास जातील. इतका वेळ टिकायचं तर शरीराला सावकाश, चरबी जाळत चालायची सवय लागावी लागते आणि ती लागायला महिने जातात. रोज दमलीस तर त्यासाठी लागणारे तास भरणारच नाहीत. म्हणून पुढचे आठ आठवडे शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने पळ. घड्याळ बघायचंच असेल तर १८० वजा वय, हा ढोबळ हिशेब धर. तू २७ वर्षांची, म्हणजे १५३च्या आत. चढावर चालावं लागलं तर खुशाल चाल.

हे पचायला जड जातं, मला ठाऊक आहे. मार्क ॲलनलाही गेलं होतं. हवाईच्या आयर्नमॅनमध्ये सहा वेळा जिंकलेला हा माणूस. त्याला १५५ ठोक्यांच्या आत राहायला सांगितलं, तेव्हा त्याचा वेग इतका घसरला की एका मैलाला आठ मिनिटांहूनही जास्त लागायला लागली. त्याने तो वेग सहन केला, तसाच सराव चालू ठेवला आणि १९८९ साली प्रतिस्पर्धी डेव्ह स्कॉटला ५८ सेकंदांनी मागे टाकून तिथलं पहिलं विजेतेपद मिळवलं. बोपदेव घाटात कुणी तुला ओलांडून पुढे गेलं तर जाऊ दे. स्ट्राव्हा ॲपवर वेळा नोंदवायचा तो टप्पा, तो सेगमेंट, पुढच्या वर्षीही तिथेच असेल.

तसाही पावसाळ्यात घाट नकोच. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या, शेवाळ, वळणावर वाहून आलेली खडी, यातलं काहीही एका क्षणात कॉलरबोन मोडू शकतं. घरी ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर बस, समोर मोठा पंखा लाव. तिथे उतार नसतो, पेडल सतत मारावं लागतं, त्यामुळे तासाभरातही चांगलं काम होतं. या सत्राच्या आधी आणि नंतर वजन कर. एक किलो कमी भरलं तर साधारण एक लिटर घाम गेला, अधेमधे प्यायलेलं पाणी त्यात मिळव. गोव्याच्या दमट हवेत हा आकडा तुला फार उपयोगी पडेल. खाण्याचा सरावही आत्ताच सुरू कर. सायकलवर तासाला ५०-६० ग्रॅम कर्बोदकं पोटाने स्वीकारायला हवीत. खजूर, चिक्की, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी, जे पचेल ते. पोटालाही शिकवावं लागतं.

पोहण्याची भीती तू तीनदा लिहिलीस. आकडा बघ: पोहण्यासाठी १ तास १० मिनिटं मिळतात, म्हणजे १०० मीटरला सुमारे ३ मिनिटं ४० सेकंद. तू आज २:४५ ने पोहतेस, म्हणजे ५२-५३ मिनिटांत बाहेर येशील. वेळेची काळजी सोड, तंत्राकडे बघ. आठवड्यातून एकदा दोन तास पोहण्यापेक्षा तीनदा ४० मिनिटं पोह. पुल बॉय, म्हणजे मांड्यांत धरायचा तरंगता ठोकळा, बाजूला ठेव, कारण गोव्याच्या कोमट समुद्रात तरंगायला मदत करणाऱ्या वेटसूटचा आधार मिळणार नाही. तलावातच दर आठ हातांनी डोळे वर काढून समोर बघायची सवय लाव. धरणात किंवा नदीत मात्र आत्ता उतरू नकोस, विसर्ग कधी वाढेल सांगता येत नाही. कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला हात लावत नाहीत, तूही थांब. त्यानंतर जाशील तेव्हा सोबत माणूस आणि कमरेला बांधलेला रंगीत तरंगता फुगा हवाच.

सुरुवातीच्या शर्यतींबद्दल विचारलंस. ऑगस्टच्या शेवटी एखादी स्प्रिंट, म्हणजे छोटी ट्रायथलॉन कर: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणं. वेळ कितीही येऊ दे. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, सायकलवर बसायची आखलेली रेषा ओलांडल्यावरच बसायचं, ओल्या पायांत मोजे चढतात का ते बघायचं, एवढं जमलं तरी शर्यत सार्थकी लागली. सप्टेंबरात सातारा हिल हाफ मॅरेथॉनला जाणार असशील तर यवतेश्वरचा चढ तुला आवडेल. धोका परतीच्या उतारावर आहे. तिथे सुटलीस तर मांड्या आठवडाभर जिन्यावरून उतरू देणार नाहीत आणि ऐन मोक्याचा सराव बुडेल. उतारावर पावलं छोटी ठेव.

आणखी एक गोष्ट, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. क्लबातली मुलं तुझ्याशी हे बोलणार नाहीत. पाळी लांबली किंवा थांबली, तर ते फिट झाल्याचं लक्षण समजू नकोस. खर्चाच्या मानाने खाणं कमी पडतंय, असं शरीर सांगत असतं आणि पुढे त्याची किंमत हाडं मोजतात. सराव वाढला की ताटही वाढव. वजन कमी करायला हा मोसम निवडू नकोस. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा) दोन्ही तपासून घे. नुसतं हिमोग्लोबिन ठीक दिसतं, पण लोहाचा साठा संपत आलेला असतो, आणि मुली आपण आळशी झालो म्हणून स्वतःलाच दोष देत बसतात. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच.

पावसाळी ताप आला तर पूर्ण विश्रांती. ताप उतरल्यावरही काही दिवस फक्त चालणं. डेंग्यू निघाला तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत बूट कपाटातच राहू देत.

रक्ताचा अहवाल आला की पाठव. तो बघून जुलैचं वेळापत्रक ठरवू.

तुझी,
ताई