कथा लिहायला सुरुवात केली आहे, टोपणनाव घ्यावं का? आणि कसं निवडावं?

घ्या, पण 'शब्दवेडी' घेऊ नका. घाईत असाल तर एवढं वाचून गेलात तरी चालेल, बाकीचं सगळं पाल्हाळ आहे.

तुम्ही लिहिलंय की दोन-तीन कथा अ‍ॅपवर टाकून झाल्या, आता एक दिवाळी अंकाला पाठवायची आहे, खरं नाव इतकं कॉमन की तालुक्यातच सात-आठ जणी सापडतील, त्यात घरच्यांना इतक्यात कळू नये असंही वाटतंय, आणि 'शब्दवेडी', 'मृण्मयी' आणि 'ईरा मेढेकर' अशी तीन नावं काढून ठेवलीत. मी पतसंस्थेत नोकरी करते आणि वीसेक वर्षं कथा लिहितेय, वर्षाला दोन, फार तर तीन. एवढ्या काळात माझी स्वतःची तीन नावं होऊन गेली त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडाफार हक्क आहे असं समजते.

माझं पहिलं टोपणनाव होतं 'अबोली'. हसू नका, कॉलेजात होते. त्या नावाने एका छोट्या दिवाळी अंकात कथा आली, मी अंक उशाशी घेऊन झोपले वगैरे, आणि दोन महिन्यांनी मानधनाचा चेक आला, तीनशे रुपयांचा, अकाउंट पेयी, आणि नावाच्या जागी संपादकांनी सुंदर अक्षरात लिहिलेलं 'अबोली'. नुसतं अबोली. बँकेत गेले तर काउंटरवरच्या काकांनी चेक उलटा केला, सुलटा केला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अबोली कोण? पुढे काय? आडनाव?" मी म्हटलं मीच ती, कथा लिहिते. ते म्हणाले, "बाळ, लिही की, पण खातं कुणाच्या नावावर आहे?" मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईसुद्धा हसल्या. चेक बदलून मिळावा म्हणून संपादकांना पत्र टाकलं त्याचं उत्तर आलं नाही, तेव्हा चेक सहा महिने चालायचा (आता तीनच), ते सहा महिने गेले आणि तो चेक अजून माझ्या जुन्या पासबुकाच्या कव्हरमध्ये आहे. आता मी स्वतः काउंटरच्या आतल्या बाजूला बसते त्यामुळे त्या काकांवर राग नाही, त्यांनी बरोबरच केलं.

तर व्यवहाराचं आधीच उरकते. कथेवर नाव कुठलंही टाका, पण कथेसोबतच्या पत्रात किंवा मेलमध्ये 'खरं नाव अमुक, छापायचं नाव तमुक, मानधन खऱ्या नावाने' असं स्वच्छ लिहा. पुस्तकाचा करार होईल तेव्हा सही खऱ्या नावाने, त्यात टोपणनावाचा उल्लेख, आणि रॉयल्टी पॅनवरच्या नावावर. कॉपीराइटचं म्हणाल तर 1957 च्या कायद्यात टोपणनावाने छापलेल्या लिखाणाला प्रकाशनापासून 60 वर्षं संरक्षण आहे, पण ती मुदत संपायच्या आत खरा लेखक कोण ते जाहीर झालं तर नेहमीचाच हिशोब, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. म्हणजे टोपणनाव घेतलं म्हणून हक्क जात नाही, फक्त त्या नावाची लेखिका तुम्हीच हे दाखवणारा कागद कुठेतरी असू द्या. आणि सरकारी नोकरीत असाल तर वर्तणुकीचे नियम टोपणनावालाही लागू होतात, नाव बदललं म्हणजे सुटलो असं नसतं.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे टोपणनाव म्हटलं की लगेच कवी आठवतात. कुसुमाग्रज, केशवसुत, गोविंदाग्रज, बालकवी, बी, अनिल, ग्रेस, आरती प्रभू. आणि मग आपल्याला वाटतं टोपणनाव म्हणजे असंच काहीतरी फुलाबिलाचं, नादमधुर. पण नीट बघा हे लोक गद्य लिहायला बसले की काय करत होते. शिरवाडकरांनी कविता कुसुमाग्रज म्हणून लिहिली (कुसुम ही बहीण, तिचा मोठा भाऊ म्हणून कुसुमाग्रज), पण नाटकं, कादंबऱ्यांवर वि. वा. शिरवाडकर. गडकरी कवितेत गोविंदाग्रज, विनोदात बाळकराम, आणि नाटकांवर सरळ राम गणेश गडकरी. खानोलकरांचं तर सगळ्यात स्पष्ट, कवितासंग्रहांवर आरती प्रभू आणि 'कोंडुरा'सारख्या कादंबरीवर चिं. त्र्यं. खानोलकर. म्हणजे एकाच माणसाच्या घरात कवितेचं दार वेगळं आणि गोष्टीचं वेगळं.

आणि ज्यांनी गोष्टींसाठी टोपणनाव घेतलं त्यांची नावं बघा. विभावरी शिरूरकर. बाबूराव अर्नाळकर. ऐकून वाटतं का की हे खोटं नाव आहे? अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, हे त्यांच्या रहस्यकथांवर वाढलेल्या माझ्या वडलांनासुद्धा माहीत नव्हतं, मी सांगितलं तर म्हणाले, "काहीतरीच काय". नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, तिथेही नवीन काही शोधलं नाही, स्वतःच्या नावातला 'नाथ' आणि वडलांचं नाव घेतलं, झालं. सानिया आहेत एकाच शब्दाच्या, पण तेही बाईचं नाव आहे, उपमा नाही. माझं मत असं की कथा वाचणाऱ्याला एक माणूस आपल्याला काहीतरी सांगतोय असं वाटायला लागतं, आणि शब्दवेडी, अबोली, मृगजळ, रानवारा हे कोणी माणूस नाहीत. 'शब्दवेडी'ने लिहिलेली खुनाची गोष्ट मी तरी गंभीरपणे वाचू शकणार नाही. शिवाय त्या नावात 'मला शब्दांचं किती वेड आहे बघा' अशी जाहिरात आहे आणि ती दर कथेच्या डोक्यावर छापून येणार.

'मृण्मयी' वाईट नाही, पण एकट्या नावाचा त्रास पुढे होतो. बी, अनिल, गिरीश यांच्या काळी मोजकी मासिकं, मोजके वाचक, एका शब्दात भागायचं. आज 'अनिल' सर्च करून बघा, पहिले कपूर आणि अंबानी येतील, आपले कवी कुठे खाली. 'ग्रेस' टाकलं तर ग्रेस मार्कांचा जीआर यायचा. माझ्या अबोलीचं तर तेवढंही झालं नाही, पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका अंकात अबोली नावाने पाककृती आली, खमंग भोपळ्याचे घारगे, आणि मला दोन मैत्रिणींनी फोन करून घारगे छान झाले म्हणून सांगितलं. त्या दिवशी मी ते नाव मारलं.

कादंबरीकार भाऊ पाध्यांचं खरं नाव प्रभाकर पाध्ये, आणि त्याच नावाचे एक प्रभाकर पाध्ये आधीपासून समीक्षक, पत्रकार म्हणून प्रसिद्ध. 'भाऊ' लावल्यावर घोळ राहत नाही. मला हे उदाहरण फार आवडतं कारण त्यात काव्य शून्य आहे. घरातलं, गल्लीतलं हाक मारायचं नाव आणि खरं आडनाव. तुमची अडचण फक्त कॉमन नावाची असती तर मी तुम्हाला हेच सांगितलं असतं, आजी कुठल्या नावाने हाक मारते ते बघा, किंवा वडलांचं नाव मधे पूर्ण लिहा, किंवा आद्याक्षरं. जी. ए., व. पु., गो. नी. दा. म्हटल्यावर आपल्याला आडनाव लागतच नाही. बायकांनी मात्र आद्याक्षरं घ्यायची पद्धत आपल्याकडे फारशी पडली नाही, का कुणास ठाऊक, तुम्ही सुरू करा.

बायकांवरून आठवलं, हे तुम्ही विचारलेलं नाही पण सांगते. माझं दुसरं नाव म्हणजे माझं खरं माहेरचं नाव. त्या नावाने चार कथा आल्या, जरा कुठे दोन संपादक ओळखायला लागले आणि लग्न झालं. पाचव्या कथेच्या पत्राखाली मी सवयीने नवीन सही केली, कारण बँक, रेशनकार्ड, गॅस सगळीकडे तेव्हा तीच गिरवत होते, आणि संपादकांनी तेच छापलं, वर स्वतःच्या पदरचं 'सौ.' लावून. म्हणजे चार कथांची बाई गेली आणि एक नवोदित सौभाग्यवती आली. तुमचं लग्न झालंय की नाही, करायचंय की नाही, आडनाव बदलणार की नाही, मला माहीत नाही, पण बाईसाठी टोपणनावाचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो की ते नाव लग्नाने बदलत नाही. 'कळ्यांचे निःश्वास' 1933 साली विभावरी शिरूरकर नावाने आलं तेव्हा बाई बाळूताई खरे होत्या, पुढे विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर मालतीबाई बेडेकर झाल्या, आणि पुस्तकावर विभावरी शिरूरकर आहे तशीच राहिली.

तिसरं नाव मी त्यानंतर घेतलं आणि तेच आजही चालू आहे. इथे सांगणार नाही, इथे मी टोपणनावाचंही टोपणनाव घेऊन बसलेय. पण कसं केलं ते सांगते. आजीचं नाव घेतलं, जे आता कोणी मुलींना ठेवत नाही, आणि आडनाव आजोळच्या गावाला '-कर' लावून. '-कर'ची सोय फार मोठी आहे. आपल्याकडे आडनाव वाचलं की डोक्यात जातीचा रकाना उघडतो, वाचक कितीही पुरोगामी असो, आणि कथेतली पात्रं आधी त्या रकान्यातून वाचली जातात. गावाचं '-कर' लावलं की शोधणाऱ्याला जरा तरी अडखळायला होतं. म्हणून तुमच्या तीन नावांत मला 'ईरा मेढेकर' आवडलं, त्यातही मेढ्याशी तुमचा काही संबंध असेल तर जास्तच. नसेल तर ज्या गावाशी आहे ते घ्या, कारण वीस वर्षं कोणी ना कोणी विचारत राहतं "मेढ्यात कुठल्या तुम्ही?" आणि दरवेळी थाप मारायचा कंटाळा येतो.

'ईरा'चं मात्र एकदा बघा. इरा, ईरा, आयरा, तीनही लिहितात लोक. नाव ठरवण्याआधी दवाखान्यात नंबर लावताना कंपाउंडरला तेच नाव सांगा, त्याने न विचारता वहीत बरोबर लिहिलं तर पास. 'ज्ञ' आणि 'ऋ' असलेली नावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये चार-चार प्रकारे होतात, आणि आज बरेच वाचक मराठी पुस्तकसुद्धा इंग्रजी अक्षरात टाइप करून शोधतात. सर्चमध्ये, बुकगंगावर, फेसबुकवर त्या नावाची दुसरी कोणी लेखिका आहे का ते बघून घ्या. त्या नावाचा ईमेल आधी काढून ठेवा. आणि कोऱ्या कागदावर दहा वेळा सही करून बघा, लाज वाटली तर नाव बदला. मला 'अबोली' सही करताना लाज वाटायची, तेव्हाच कळायला हवं होतं.

राहिला घरच्यांचा प्रश्न. इथे तुम्हाला निराश करणार आहे. टोपणनावाने तुम्ही अनोळखी लोकांपासून लपता, आणि त्यांना तुमच्याशी तसंही काही देणंघेणं नसतं. ओळखीचे लोक नाव वाचतच नाहीत, ते गोष्टीतल्या वस्तू ओळखतात. तिसरं नाव घेतल्यावर चौथ्या-पाचव्या कथेत मी एक विधवा बाई लिहिली जी स्वतःचं पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवते, मुलांच्या हाती लागू नये म्हणून. नाव बदललं, गाव बदललं, तीन मुलगे होते त्यांचे दोन केले, बाईला उंच केलं. नवऱ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं की हे नाव माझं आहे. दिवाळी होऊन महिना झाला आणि आत्याचा फोन आला. ती गावच्या वाचनालयातून दिवाळी अंक आणते, पाळीपाळीने सगळे. इकडचं तिकडचं बोलली, माझ्या पाठदुखीची चौकशी केली, आणि मग एकदम म्हणाली, "ते काय ते नाव घेतलंयस, ते राहू दे. पण डबा तरी बदलायचास की गं. गव्हाचा करायचास."

मी काय बोलणार. गप्प बसले. ती म्हणाली, "बाकी बरी आहे गोष्ट. ती बाई शेवटी रडते ते काढ, मी नव्हते रडले."

तेव्हा घरच्यांपासून लपायचं असेल तर मेहनत नावावर नाही, डब्यावर करा. आत्याने ती गोष्ट कुणाला सांगितली नाही, अजूनपर्यंत तरी नाही, आणि पुस्तकात ती कथा घेताना मी रडणं काढलं. डबा तांदळाचाच ठेवला. पुढच्या वेळी गेले तेव्हा तिने मला खिचडीला तांदूळ काढून आणायला सांगितलं आणि मी आत हात घालेपर्यंत दारात उभी राहून बघत होती. पिशवी नव्हती.