मुलाखत खरी की नावापुरती? रूनी नियमाबद्दल वाचकांचे प्रश्न

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये ३२ संघ आहेत. मुख्य प्रशिक्षक नेमण्याआधी प्रत्येक संघाला वांशिक अल्पसंख्य गटातल्या उमेदवारांच्या मुलाखती घ्याव्याच लागतात. पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचे तेव्हाचे मालक डॅन रूनी यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम २००३ पासून लागू आहे. त्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : हा कोटाच झाला ना? संघाला गौरेतर प्रशिक्षक नेमावाच लागतो का?

नाही. नियमाचा संबंध फक्त मुलाखतीशी आहे. शेवटी कोणाला नेमायचं हा हक्क पूर्णपणे मालकाचा. सध्याची अट अशी : मुख्य प्रशिक्षक आणि जनरल मॅनेजर (संघाची बांधणी बघणारा अधिकारी) या दोन पदांसाठी अल्पसंख्य गटातल्या, संघाबाहेरच्या किमान दोन उमेदवारांना समोरासमोर भेटायचं. कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमण किंवा बचाव सांभाळणारा मुख्य सहाय्यक, नेमतानाही दोन मुलाखती, पण त्या व्हिडिओवरून चालतात. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू, त्याच्या प्रशिक्षकासाठी एक. २०२२ पासून महिला उमेदवारही या मोजणीत धरल्या जातात.

यातला 'संघाबाहेरच्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. पूर्वी आपल्याच एखाद्या सहाय्यकाला समोर बसवलं तरी अट पूर्ण व्हायची. त्याला मालक रोज बघत असत, त्यामुळे त्या मुलाखतीतून कोणालाच नवं काही कळत नसे. २०१८ मध्ये ही पळवाट बंद झाली.

प्रश्न : नियम करायची वेळ का आली?

२००२ च्या सुरुवातीला दोन कृष्णवर्णीय प्रशिक्षकांची नोकरी एकापाठोपाठ गेली. टोनी डंजी यांनी टॅम्पा बे संघाला सहा हंगामांत चार वेळा बाद फेरीत नेलं होतं. मिनेसोटाच्या डेनिस ग्रीन यांचा जिंकण्यापेक्षा हरलेले सामने जास्त असा दहा वर्षांतला तो पहिलाच हंगाम होता. त्याच वर्षी वकील जॉनी कॉक्रन आणि सायरस मेहरी यांनी एक अहवाल मांडला. अर्थतज्ज्ञ जॅनिस मॅडन यांनी १५ हंगामांचा हिशेब केला होता. कृष्णवर्णीय प्रशिक्षकांचे संघ हंगामात सरासरी ९.१ सामने जिंकत होते, गोऱ्या प्रशिक्षकांचे ८. कामगिरी सरस असूनही संधी उशिरा मिळायची आणि नोकरी लवकर जायची. अहवालासोबत खटल्याचा इशाराही होता. मग लीगने समिती नेमली आणि तिचे अध्यक्ष होते डॅन रूनी.

प्रश्न : फोनवर मुलाखत घेतली तर चालते का? आणि नियम मोडला तर काय होतं?

मुख्य प्रशिक्षकासाठी फोन चालत नाही. अगदी सुरुवातीला डॅलस काऊबॉईज संघाने अनुभवी प्रशिक्षक बिल पार्सेल्स यांच्याशी बोलणी चालू असतानाच ग्रीन यांची फोनवर मुलाखत उरकली. त्यावर बरीच टीका झाली आणि समोरासमोर भेटीचा आग्रह सुरू झाला.

दंडाचं ठळक उदाहरण २००३ मधलं, डेट्रॉइट लायन्सचं. स्टीव्ह मरिउची यांना सॅन फ्रान्सिस्कोने काढलं आणि डेट्रॉइटला तेच हवेत हे सगळ्यांना दिसत होतं. अल्पसंख्य गटातल्या पाच जणांना बोलावणं गेलं, पण पाचही जणांनी नकार दिला. ठरलेल्या लग्नात पाहुणा म्हणून कोण जाईल? मरिउची यांची नेमणूक झाली आणि संघाचे अध्यक्ष मॅट मिलन यांना लीगने २ लाख डॉलरचा दंड केला. दंड संघाला नव्हे, निर्णय घेणाऱ्या माणसाला झाला, हे आम्हाला योग्य वाटतं. 'बोलावलं होतं, ते आले नाहीत' हा बचाव लीगने मानला नाही. नाव आधी पक्कं करून नंतर बोलावणं धाडलं, की नकार येणारच.

प्रश्न : मी प्रशिक्षणाच्या क्षेत्रात आहे. बोलावणं खरं आहे की नुसती नियमाची भरपाई, हे उमेदवाराने कसं ओळखावं? आणि तसं वाटलं तर जावं का?

आधी कृष्णवर्णीय प्रशिक्षक ब्रायन फ्लोरेस यांच्या प्रकरणातल्या तारखा बघा. जानेवारी २०२२ मध्ये मायामीने त्यांना मुख्य प्रशिक्षकपदावरून काढलं, तेही सलग दोन हंगामांत जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा जास्त असताना. न्यूयॉर्क जायंट्सकडे त्याच पदासाठी त्यांची मुलाखत ठरली २७ जानेवारीला. २४ तारखेला त्यांचे जुने वरिष्ठ बिल बेलिचिक यांचा अभिनंदनाचा मेसेज आला. फ्लोरेस यांना शंका आली. त्यांनी विचारलं, तुम्ही कोणत्या ब्रायनशी बोलताय, फ्लोरेस की (दुसरे उमेदवार) डेबॉल? उत्तर आलं की चूक झाली, डेबॉल यांचंच नाव ठरतंय असं दिसतं. म्हणजे मुलाखतीला तीन दिवस बाकी होते आणि निकाल फोनवर येऊन पडला होता. फ्लोरेस तरीही मुलाखतीला गेले. दुसऱ्या दिवशी डेबॉल यांची नेमणूक जाहीर झाली. फ्लोरेस शेवटच्या क्षणापर्यंत विचाराधीन होते असं जायंट्सचं म्हणणं आहे. १ फेब्रुवारीला फ्लोरेस यांनी लीग आणि तीन संघांवर खटला भरला.

आता ओळखायचं कसं? खोलीत कोण बसलंय ते आधी बघा. सही करणारा मालकच हजर नसेल तर तिथेच शंका घ्या. मग प्रश्नांकडे लक्ष द्या. खऱ्या मुलाखतीत तुमच्या सहाय्यकांची यादी मागतात आणि 'तो मिळाला नाही तर दुसरा कोण?' असं खोदून विचारतात. क्वार्टरबॅकचं काय करणार, चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, दोन यार्ड हवे असतील तर कधी खेळणार आणि कधी चेंडू पंट करणार (लाथेने लांब मारून समोरच्या संघाला देणार), टाइमआउट कोण मोजणार, पहिल्या महिन्याच्या सरावाचं वेळापत्रक काय, इतक्या बारकाईत शिरतात. नावापुरत्या मुलाखतीत तुमच्या बालपणाबद्दल आणि 'नेतृत्व म्हणजे काय' याबद्दल गप्पा होतात आणि दीड तासात हस्तांदोलन. दुसऱ्या फेरीचा विषयच निघत नाही.

जावं का? नेमणूक जाहीर झालेली नसेल तर जावं, असं आमचं मत आहे, पण होकार देण्याआधी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : खोलीत कोण असेल, माझ्यानंतर आणखी किती जण आहेत, निर्णय कोणत्या तारखेला. उत्तरं जपून ठेवा. फ्लोरेस यांची बाजू लोकांना लगेच समजली, कारण मेसेजवर तारीख होती.

जाण्याचा फायदाही खरा असतो. २००७ मध्ये पिट्सबर्गच्या जागेसाठी चर्चा होती ती संघातल्याच दोन सहाय्यकांची, केन व्हिजनहंट आणि रस ग्रिम यांची. कृष्णवर्णीय उमेदवार माइक टॉमलिन ३४ वर्षांचे होते आणि कोऑर्डिनेटर म्हणून त्यांचा अनुभव एका हंगामाचा. मुलाखतीत त्यांनी रूनींवर छाप पाडली आणि जागा मिळवली. दोनच वर्षांनी त्यांनी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. अल्पसंख्य गटातले दुसरे उमेदवार रॉन रिव्हेरा यांच्या मुलाखतीने नियमाची अट तेव्हा आधीच पूर्ण झाली होती, हे मात्र अनेक जण विसरतात. अट भागल्यावरही मालकाने दार उघडं ठेवलं होतं.

प्रश्न : एकाऐवजी दोन मुलाखती केल्याने काय फरक पडतो?

बराच. अंतिम यादीत चार जण असतील आणि त्यांत एकच वेगळा असेल, तर निवड करणाऱ्यांना त्याचं वेगळेपणच आधी दिसतं. काम मागे पडतं. दोघे असले की त्यांची एकमेकांशीही तुलना होते आणि बोलणं आपोआप कामावर येतं. विद्यापीठांतल्या नेमणुकांच्या अंतिम याद्या तपासून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही हेच दिसलं होतं. एनएफएलने मुख्य प्रशिक्षकासाठी दोनची अट २०२० मध्ये आणली.

प्रश्न : न्यू इंग्लंड संघाने एकही मुलाखत न घेता प्रशिक्षक नेमला होता. मग नियम कुठे गेला?

जेरॉड मेयो यांची ती नेमणूक जानेवारी २०२४ मधली. सहाय्यक असतानाच त्यांच्या करारात 'पुढचे मुख्य प्रशिक्षक हेच' असं कलम होतं आणि लीगला ते आधी कळवलं होतं. अशा उत्तराधिकाराला सूट आहे. मेयो स्वतः कृष्णवर्णीय आहेत, त्यामुळे फारशी ओरड झाली नाही, पण हेच कलम कोणाच्याही करारात घालता येतं, हे लक्षात घ्या.

खरी अडचण पुढच्या वर्षी दिसली. एका हंगामानंतर मेयो यांना काढलं. त्यांच्या जागी माइक व्रेबल येणार अशी हवा असताना संघाने पेप हॅमिल्टन आणि बायरन लेफ्टविच या कृष्णवर्णीय प्रशिक्षकांच्या मुलाखती घेतल्या. दोघेही आदल्या हंगामात एनएफएलच्या कोणत्याही संघाबरोबर काम करत नव्हते. दुसऱ्या संघात नोकरी करणाऱ्या प्रशिक्षकाला भेटायचं तर लीगने ठरवलेल्या तारखांपर्यंत थांबावं लागतं, रिकाम्या माणसाला उद्याच बोलावता येतं. घाई असलेल्या संघाला म्हणून असेच उमेदवार सोयीचे पडतात. नियमाचं अक्षर पाळलं गेलं, पण हेतूचं काय, हा प्रश्न तेव्हा उघडपणे विचारला गेला आणि तो रास्त होता.

प्रश्न : अल्पसंख्य प्रशिक्षक दुसऱ्या संघात गेला तर पहिल्या संघाला ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत) जादा निवडी मिळतात म्हणे. हे माणसाची किंमत लावल्यासारखं नाही का?

तसं वाटणं स्वाभाविक आहे. नोव्हेंबर २०२० मधला हा ठराव आहे. किमान दोन वर्षं आपल्याकडे काम केलेला माणूस दुसरीकडे मुख्य प्रशिक्षक किंवा जनरल मॅनेजर झाला, तर त्याला घडवणाऱ्या संघाला दोन वर्षं तिसऱ्या फेरीच्या अखेरीस एकेक जादा निवड मिळते. नेमणाऱ्याला यातून काहीच मिळत नाही, घडवणाऱ्याला मिळतं, आणि म्हणून आम्ही त्याच्या बाजूने आहोत. चांगला सहाय्यक आपल्याकडेच अडकवून ठेवण्याचा मोह त्यामुळे कमी होतो. नेमणाऱ्या संघालाच ड्राफ्टमध्ये वर सरकवायचं, असाही एक प्रस्ताव त्याच वर्षी आला होता. त्यात नेमलेल्या माणसाचाच अपमान झाला असता. तो बारगळला ते बरंच झालं.

प्रश्न : आमची क्रीडासंस्था प्रशिक्षक नेमताना असाच नियम करायच्या विचारात आहे. काय काळजी घ्यावी?

जाहिरात काढायच्या आधी निकष लिहून काढा आणि प्रत्येक निकषापुढे 'हा कशासाठी?' याचं एका ओळीत उत्तर लिहा. 'याआधी मुख्य प्रशिक्षक असावा' ही अट निरुपद्रवी दिसते, पण ज्यांना कधी संधीच मिळाली नाही ते सगळे तिथेच गळतात. एनएफएलमध्ये हेच आक्रमणाच्या बाबतीत घडलं. मालकांना आक्रमण आखणारे प्रशिक्षक हवे असतात, ती वाट बहुधा क्वार्टरबॅक प्रशिक्षकाच्या पदावरून जाते आणि त्या पदावर गौरेतर माणसं फारच थोडी होती. म्हणूनच नियम तिथपर्यंत खाली न्यावा लागला. तुमच्याकडेही वरच्या खुर्चीत पोहोचवणारी खालची खुर्ची कोणती, ते शोधा आणि नियम तिथून सुरू करा.

मुलाखतीच्या दिवशी सर्वांना तेच प्रश्न, तोच क्रम, तेवढाच वेळ आणि तीच समिती. निर्णय घेणारी व्यक्ती प्रत्येक मुलाखतीला पूर्ण वेळ हवी. उमेदवार बाहेर पडला की आपसात बोलण्याआधी प्रत्येकाने आपले गुण कागदावर लिहून द्यावेत. नाहीतर सर्वांत ज्येष्ठ सदस्य 'छान होता' म्हणतो आणि बाकीच्यांचे गुण त्या दिशेने झुकतात. गडबड सगळ्यात जास्त होते ती इथेच.

शेवटची मुलाखत संपेपर्यंत कोणाशीही पगार, करार किंवा रुजू होण्याची तारीख हे विषय काढायचे नाहीत. खाजगीतही नाहीत. एकाशी बोलणी सुरू झाली की पुढच्या मुलाखती फक्त सोपस्कार उरतात आणि ही बातमी बाहेर फुटतेच. ज्यांची निवड झाली नाही त्यांना आठवड्याभरात फोन करून नेमकं काय कमी पडलं ते सांगा. प्रवासखर्च संस्थेने द्यावा. नोंदी जपून ठेवा : किती अर्ज आले, किती जण यादीत आले, प्रत्येकाची मुलाखत कोणत्या दिवशी झाली आणि निर्णय कोणत्या दिवशी.

प्रश्न : एवढं करून आकडे हलले का?

हलले, पण टिकले नाहीत. २००३ च्या हंगामाला तीन कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक होते, २००६ मध्ये सात. फ्लोरेस यांनी खटला भरला त्या दिवशी एकटे टॉमलिन. २०२४ च्या सुरुवातीला अल्पसंख्य गटांतले मिळून नऊ झाले, आणि तो हंगाम संपेपर्यंत त्यांतल्या तिघांची नोकरी गेली होती. मुलाखतीच्या नियमाने माणूस आत येतो. तो किती काळ टिकेल यावर या नियमाचा काहीच अंमल नाही.

प्रश्न : फ्लोरेस यांच्या खटल्याचं पुढे काय झालं?

प्रकरण न्यायालयात न चालवता लीगच्या अंतर्गत लवादापुढे न्यावं, असा एनएफएलचा आग्रह होता. त्या व्यवस्थेत निवाडा करणार होते लीगचेच आयुक्त. ऑगस्ट २०२५ मध्ये अपील न्यायालयाने ही मागणी फेटाळली. फ्लोरेस स्वतः २०२३ पासून मिनेसोटा संघात बचावाचे कोऑर्डिनेटर म्हणून काम करू लागले.