उतार मोडू नका, घर टप्प्याटप्प्याने उतरवा

प्रश्न : नाशिकच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरजवळ आमची एक एकर जागा आहे. पश्चिमेला, पाण्याकडे बारा फुटांचा उतार आणि मधोमध जुना उंबर. आर्किटेक्ट म्हणतात, जेसीबीने जागा सपाट करू आणि पश्चिमेला पूर्ण काच लावू. खर्चाची अडचण नाही. काय करावं?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : जेसीबी थांबवा, ही माझी पहिली विनंती.

पावसाने जोर धरला की वरच्या अंगाचं पाणी उतारानेच वाहणार. मुरूम कापून भिंत उभी केलीत, तर ते तिच्यामागे साचेल आणि खालच्या खोल्यांना ओल धरेल. मग कितीही भारी वॉटरप्रूफिंग करा, पोपडे निघायचे ते निघतातच. नकाशा पक्का करण्याआधी जुलैतल्या धो धो पावसात जागेवर जा. पाणी कुठून येतं, कुठे वळतं ते बघून खुंट्या ठोका. त्या वाटा मोकळ्या ठेवून घर चार-चार फुटांच्या तीन टप्प्यांत उतरवा. पायात काळा पाषाण लागला तर तोच जोत्याला वापरा. सराफ बाजाराजवळचा सरकारवाडा निवांत बघून या. दगडी जोतं आणि वर लाकूडकाम किती शोभतं ते कळेल.

उंबर तुमच्या जागेचं वैभव आहे. पाया त्याच्या फांद्यांच्या घेराबाहेरच हवा. बांधकाम चालू असताना खडीचा ढीग किंवा ट्रकची वाट झाडाखाली येऊ देऊ नका. माती दाबली गेली की मुळं गुदमरतात, झाड हळूहळू वाळतं आणि तोवर कंत्राटदार निघून गेलेला असतो.

पश्चिमेची काच मला मुळीच पटत नाही. एप्रिलमध्ये चारनंतरचं ऊन इतकं तिरपं येतं की छज्जा ते अडवू शकत नाही. पावसाळ्यात झडही तिकडूनच. तिथे दहा फूट खोल ओसरी काढा, बसून पाणी बघा. मोठ्या खिडक्या दक्षिणोत्तर ठेवा. मेअखेरीस दुपारचा सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेला तीन फुटी छज्जा पुरतो. डिसेंबरात तेच ऊन खोलीत येतं, आणि नाशिकच्या थंडीत ते हवंच असतं.

धरणासाठी सरकारने संपादित केलेल्या जमिनीची हद्द तुमच्या जागेत कुठवर येते, ते मात्र खड्डा मारण्याआधी जलसंपदा विभागाकडून लेखी घ्या.