पाण्यात न विरघळणारं औषध कंपन्या शरीरात पोचवतात तरी कसं?

औषध आतड्यात विरघळलं तरच रक्तात उतरतं, नाहीतर गिळलेली गोळी बरीचशी वाया जाते. सोपा उपाय म्हणजे औषध बारीक दळणं. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते, तसंच. पण तेवढ्याने नेहमी भागत नाही.

अ‍ॅबट कंपनीचं रिटोनाविर हे एचआयव्हीवरचं औषध घ्या. 1998 मध्ये त्याच्या कॅप्सूलमध्ये अचानक वेगळेच स्फटिक तयार होऊ लागले. रेणू तोच, फक्त रचना बदललेली, आणि विरघळणं एवढं कमी की कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. रुग्णांच्या दृष्टीने हे फार वाईट होतं.

पुढे याच कंपनीने रिटोनाविर आणि लोपिनाविर (एचआयव्हीवरचंच दुसरं औषध) एकत्र असलेल्या कॅलेट्राची नवी गोळी काढली. औषध आणि पॉलिमर (लांब साखळीसारख्या रेणूंचा, प्लास्टिकसारखा पदार्थ) एकत्र वितळवायचं, फिरत्या स्क्रूने मळत बाहेर ढकलायचं, अगदी सोऱ्यातून चकली पाडतात तसं. थंड झालं की काचेसारखा पदार्थ होतो. त्यात रेणू स्फटिकात जखडलेले नसतात, म्हणून पटकन सुटतात. 2005 मध्ये अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली. कॅलेट्राच्या दिवसाच्या 6 जुन्या कॅप्सूलऐवजी 4 गोळ्या, आणि फ्रिजची गरज नाही. ज्या गावात वीजच टिकत नाही, तिथल्या रुग्णाला हे दुसरं जास्त मोलाचं.