चित्रं काढून पोट भरतं का?

प्रश्न : ताई, मी रावेरची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. चित्रकलेचा जादा विषय घ्यायचाय. बाबा विचारतात, चित्रं काढून पोट भरतं का?

उत्तर : अगं, घेच! मी वनस्पतिशास्त्र शिकवायचे, तेव्हा मुलींना केळीचं पान रेखाटायला लावायची. मधल्या दांड्यापासून कडेकडे जाणाऱ्या समांतर शिरा एकेक करून काढल्या, की वाऱ्याने पान तसंच का फाटतं, हे न सांगता कळायचं. नुसतं पाठ करून ते दिसत नाही. बाबांना एकदा चाळीसगावला दिवंगत छायाचित्रकार केकी मूस यांच्या घरी ने. टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंतून त्यांनी फोटोत अख्खे देखावे उभे केलेत. आणि पोटाचं म्हणशील, तर तुमच्या केळीच्या खोक्यावरचं चित्रही कुणीतरी काढतंच ना? त्याचे पैसे मिळतात, हेही बाबांना सांग.