मंदीतून बाहेर पडायला आणि रोजगार वाढवायला हरित ऊर्जा खरंच उपयोगी पडते का, की या नुसत्या घोषणा आहेत?

उपयोगी पडते, पण घोषणेतला आकडा मात्र जरा सोलून बघावा लागतो. मी काही वर्षं सौर प्रकल्पांच्या साइटवर सुपरवायझर होतो, त्यामुळे तिथूनच सुरुवात करतो.

साइट सुरू झाली की माणसंच माणसं. पायाचे खड्डे, लोखंडी स्ट्रक्चर, पॅनेल चढवणं, केबल ओढणं, अर्थिंग. काही महिने नुसती गजबज. मग प्रकल्प चालू होतो आणि मागे उरतात ते पॅनेल धुणारे, गवत कापणारे, रखवालदार आणि एखाद-दुसरा तंत्रज्ञ. ऊन आयतं येतं. ते कोळशासारखं खणावं, वाहावं लागत नाही. ही वीज स्वस्त पडते त्यामागे हेही एक कारण आहे. म्हणून ‘दहा हजार रोजगार’ असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, किती महिन्यांचे?

म्हणजे काम टिकवायचं तर एकामागून एक साइट मिळत राहायला हवी. इथेच सरकारं घोळ घालतात. स्पेनने 2007 मध्ये सौर विजेला घसघशीत दर जाहीर केला. सप्टेंबर 2008 च्या मुदतीआधी जोडणी करून घ्यायला अशी झुंबड उडाली, की त्या एका वर्षात अडीच हजार मेगावॉटहून जास्त क्षमता बसली. खर्च पाहून सरकार दचकलं आणि पुढच्या वर्षासाठी 500 मेगावॉटची मर्यादा घातली. बाजार बसला, हजारो लोक घरी गेले. नंतर तर जुन्या प्रकल्पांना कबूल केलेले दरही कापले. तिथे तंत्रज्ञानात काही खोट नव्हती.

अमेरिकेने 2009 च्या मंदीत सुमारे 787 अब्ज डॉलरचं पॅकेज आणलं, त्यातले 90 अब्जांच्या आसपास स्वच्छ ऊर्जेसाठी होते. गवगवा झाला तो सौर पॅनेल बनवणाऱ्या सोलिंड्रा कंपनीचा: 53.5 कोटी डॉलरच्या कर्जाला सरकारच्या ऊर्जा खात्याची हमी, आणि 2011 मध्ये कंपनी दिवाळखोर. त्याच खात्याने टेस्लाला दिलेलं 46.5 कोटींचं कर्ज 2013 मध्ये मुदतीआधी फिटलं, हे फारसं कुणाला आठवत नाही. मला जास्त बोलकी वाटते ती गरिबांच्या घरांना उष्णतारोधक थर बसवण्याची 5 अब्जांची योजना. बेकार झालेल्या बांधकाम मजुरांना लगेच जमेल असंच ते काम होतं. तरी सुरुवातीचे कितीतरी महिने भागाभागांतली मजुरी किती धरायची हे ठरवण्यातच गेले! मंदी काही तुमच्या कागदपत्रांसाठी थांबत नाही.

कारखान्यांचं गणित आणखी वेगळं. सौर पॅनेल बनवण्याच्या साखळीचा 80 टक्क्यांहून जास्त भाग चीनमध्ये आहे. आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेच्या मोजणीनुसार 2023 मध्ये सगळ्या अक्षय ऊर्जा क्षेत्रात मिळून जगभर 1 कोटी 62 लाख रोजगार होते. त्यातले जवळजवळ निम्मे चीनचे. बाकीच्यांच्या वाट्याला मुख्यतः बसवण्याचं आणि देखभालीचं काम येतं. ते कमी प्रतीचं नाही. उलट पॅनेल जहाजातून येईल, छपरावर चढणारा माणूस जवळचाच लागतो.

कोळशाच्या खाणीतल्या माणसाला ‘आता सौरऊर्जेत जा’ म्हणणं मात्र मला पटत नाही. नवीन काम त्याच गावात येईल याची खात्री नसते आणि पगारही बहुतेकदा कमी. डेन्मार्कमधल्या एस्बियर्गला हे बऱ्यापैकी साधलं. उत्तर समुद्रातल्या तेलाला सामान पुरवणारं ते बंदर आज समुद्रातल्या पवनचक्क्या पाठवतं. वेल्डिंग, क्रेन, बोटी, समुद्रावर काम करायची सवय, हे सगळं तिथे आधीच होतं.

माझ्या हातात मंदीतला पैसा असता तर मी तो आधी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत आणि वीजवाहिन्यांत घातला असता. आणि साइटवर येणाऱ्या पोरांना पॅनेल उचलण्याबरोबर वायरिंगचं लायसन्स काढून दिलं असतं. आमच्या टीममध्ये ज्यांच्याकडे ते होतं, त्यांना दोन टेंडरांमधल्या रिकाम्या महिन्यांतही काम मिळत होतं.